१०८ च्या गाडीत पहिल्यांदा बसण्याआधी

ड्यूटी बदलताना आधीची जोडी "सगळं ओके आहे" असं सांगून जाते. ते ऐकायचं आणि तरीही ऑक्सिजनचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. गोव्यात १०८ ची सेवा २००८ पासून आहे, गाड्या चांगल्या आहेत. पण गाडी कितीही चांगली असो, सिलिंडर रिकामा निघाला तर ती नुसती टॅक्सी.

सिलिंडर किती वेळ पुरेल याचा हिशेब सोपा आहे. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये घ्या (ती मानेजवळ कोरलेली असते) आणि तिला काट्यावरच्या दाबाने (बारमध्ये) गुणा. उत्तर म्हणजे आत उरलेला ऑक्सिजन. छोट्या बी टाइप सिलिंडरची क्षमता १० लिटर असते. काटा १०० वर असेल तर आत सुमारे १००० लिटर आहेत. शेवटचे २० कधीच मोजायचे नाहीत, म्हणून हातात ८०० राहिले. रुग्णाला मिनिटाला १५ लिटर लागले तर ५३ मिनिटं मिळतात. आता काणकोणहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला (गोमेकॉला) निघालात असं धरा. साठेक किलोमीटर, त्यात करमल घाट आणि मडगावची गर्दी. ५३ मिनिटं पुरत नाहीत. दिवाडी बेटावर तर फेरीबोटीशिवाय गाडी जात-येत नाही, तेव्हा फेरीची वाट बघण्याचा वेळही याच हिशेबात धरा. काटा पीएसआयमध्ये असेल तर आकड्याला १४.५ ने भागा, बार मिळतात.

रेग्युलेटर बसवण्याआधी व्हॉल्व्हचं तोंड माणसांपासून दूर वळवून क्षणभर उघडा, धूळ उडून जाते. वॉशर जागेवर आहे ना ते बघा. सूंऽ असा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा दोष वॉशरचाच असतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत आटे गंजतात म्हणून कुणीतरी तेलाचं बोट लावून ठेवतं. तेल, ग्रीस, व्हॅसलीन यांतलं काहीही ऑक्सिजनच्या जोडणीला लागता कामा नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं.

मग सक्शन, म्हणजे घशातली घाण ओढून काढणारं यंत्र. मशीन सुरू करून नळी मुडपा. काटा चार सेकंदांत ३०० मिमी पाऱ्याच्या वर गेला पाहिजे. गेला नाही तर बाटलीचं झाकण नीट बसलेलं नाही किंवा बॅटरी उतरली आहे. अँबू बॅगचं (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीचं) तोंड तळव्याने बंद करून दाबा. हवा कुठूनही सुटता कामा नये. बॅग सहज चपटी झाली तर व्हॉल्व्ह उलटा जोडलेला आहे किंवा फाटला आहे. एईडीच्या (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या) पॅडवरची तारीख बघा, शेजारी रेझर आणि कोरडा टॉवेल आहे ना ते बघा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची बाटली उघडी राहिली तर आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात पट्ट्या बिघडतात आणि साखर चुकीची दाखवतात. झाकण लगेच लावायची सवय करा.

घटनास्थळी

गाडीतून उतरण्याआधी हातमोजे घाला आणि उतरून दहा सेकंद नुसतं बघा. रहदारी कुठून येते, पेट्रोल सांडलंय का, वर तारा कशा आहेत. पावसाळ्यात माड किंवा आंब्याची फांदी तारांवर पडलेली असते. काढणीच्या दिवसांत लोखंडी काठी वीजवाहिनीला टेकल्याने माणूस खाली पडलेला असतो. वीज खात्याने लाइन बंद केल्याची खात्री होईपर्यंत जवळ जायचं नाही, मग लोक कितीही ओरडोत. लाकडी काठीने तार बाजूला करायचे प्रयोग घरच्या जोडणीपुरतेसुद्धा धोक्याचेच. मुख्य वाहिनीच्या बाबतीत विचारही नको. चिरेखाणीत साचलेल्या पाण्यात उडी मारून कुणाला काढणं हे तुमचं काम नाही. दोर, तराफा आणि अग्निशमन दल येईपर्यंत काठावरून काही टाकता येतं का ते बघा.

रुग्ण किती, हे पहिल्याच मिनिटात कंट्रोलला सांगा. दुसरी गाडी लागणार असेल तर ती आत्ता मागवायची, पहिला रुग्ण गाडीत चढवल्यावर नव्हे.

पहिली तपासणी

क्रम असा: जीवघेणा रक्तस्राव, श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, मग अंग उघडून पाहणं. नियम एकच. ज्या पायरीवर अडचण सापडली ती तिथेच सोडवायची, मगच पुढची पायरी. मांडीचं हाड वाकडं दिसतं, नजर तिथेच जाते आणि घशातली उलटी राहून जाते. नवशिक्यांची सगळ्यांत मोठी चूक ही. हाड तासभर थांबू शकतं. श्वास थांबत नाही.

रुग्ण बोलत असेल तर श्वासमार्ग या क्षणी मोकळा आहे. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडली आहे. गुळगुळ आवाज म्हणजे आत पाणी, रक्त किंवा उलटी आहे. पहिल्यासाठी डोकं मागे, हनुवटी वर. मार लागलेला असेल तर मान न हलवता जबडा पुढे ढकला. दुसऱ्यासाठी सक्शन. नळीचं टोक दिसेल तितकंच आत न्यायचं, बाहेर काढतानाच ओढायचं आणि मोठ्या माणसात १० ते १५ सेकंदांच्या वर नाही. त्याहून जास्त वेळ घेतला तर घाणीबरोबर ऑक्सिजनही ओढून काढता.

तोंडातून घालायच्या एअरवेचं (श्वासमार्ग मोकळा ठेवणाऱ्या नळीचं) माप ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत. मोठ्या माणसात उलटा घालून टाळूपाशी अर्धा फिरवायचा. रुग्णाला ओकारी आली तर लगेच काढा, तो त्याच्यासाठी नाही. आकाराने लहान पडला तर जिभेला आणखी मागे ढकलतो, मोठा पडला तर स्वरयंत्राचं झाकण दाबतो. म्हणून नजरेने नाही, मापाने निवडा. नाकातल्या एअरवेचं माप नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत. चेहऱ्याला जबर मार असेल, नाकाकानातून पाणचट रक्त येत असेल तर नाकातून काहीही घालू नका, कवटीचा तळ फुटलेला असू शकतो.

अँबू बॅग: सोपी वाटते, नसते

एका हाताने मास्क धरून दुसऱ्याने बॅग दाबणं पुस्तकातल्या चित्रात सुंदर दिसतं. खऱ्या चेहऱ्यावर, दाढी असलेल्या किंवा दात नसलेल्या, हवा कडेने निसटते. शक्य तिथे दोघांनी करा. एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा: अंगठा आणि तर्जनीने मास्कला वेढा, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. जबडा मास्कमध्ये वर उचलायचा असतो, मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो. दुसऱ्याने बॅग दाबायची. कवळी घट्ट बसलेली असेल तर राहू द्या, गाल भरलेले राहतात आणि मास्क छान बसतो. सैल असेल तर काढा.

नाडी आहे पण श्वास नाही, अशा मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एक श्वास. लहान मुलाला दर दोन-तीन सेकंदांनी एक. मोठ्यांची बॅग सुमारे दीड लिटरची असते आणि लागतात फक्त ५०० ते ६०० मिली. म्हणजे बॅग एक तृतीयांशच दाबायची, एका सेकंदात, छाती जेमतेम उचलेपर्यंत. घाबरलेला हात मिनिटाला तीस वेळा दाबतो. मग हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते, ती फुप्फुसात जाते. शिवाय छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. म्हणून तोंडाने मोजा: "एक हजार एक, एक हजार दोन..." सहापर्यंत. लाज वाटून घेऊ नका.

जो स्वतः श्वास घेतो त्याला मास्क. नाकातली नळी मिनिटाला १ ते ६ लिटर, साधा मास्क ६ ते १०, पिशवीवाला मास्क १० ते १५. साध्या मास्कला ६ च्या खाली ठेवलं तर माणूस स्वतःचाच उच्छ्वास परत घेतो. पिशवीवाल्या मास्कची पिशवी आधी भरून मग तोंडावर लावा. श्वास घेताना ती पूर्ण बसत असेल तर प्रवाह कमी पडतोय. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचं लक्ष्य बहुतेकांसाठी ९४ ते ९८ टक्के. विडी-सिगारेटने फुप्फुसं गेलेल्यांत ८८ ते ९२ पुरे. बोटावरचा आकडा नेलपॉलिश, थंडगार बोटं आणि धूर यांत फसवतो. धुरात सापडलेल्याचा ९९ हा आकडा खरा धरू नका, रक्तात कार्बन मोनॉक्साइड असला तरी यंत्राला तो ऑक्सिजनच वाटतो.

दुचाकीचा अपघात

गोव्यात मार लागलेला रुग्ण म्हणजे बहुतेक वेळा स्कूटरवरचा: भाड्याची गाडी घेतलेला पर्यटक, कामावरून परतणारा, कधी मोटरसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीवाला). डोक्यावर हेल्मेट असेल आणि तो नीट बोलत, श्वास घेत असेल तर घाई नाही. श्वासमार्गाला हात घालावा लागणार असेल तर हेल्मेट काढलंच पाहिजे, आणि ते दोघांचं काम आहे.

पहिला डोक्याशी गुडघे टेकून बसतो आणि दोन्ही बाजूंनी हेल्मेट धरून डोकं स्थिर ठेवतो. दुसरा काच वर करतो, पट्टा कापतो. बकल सोडवत बसू नका, कात्री वापरा. मग दुसरा एक हात जबड्यावर घेतो, अंगठा एका गालावर, बोटं दुसऱ्यावर, आणि दुसरा हात मानेमागून कवटीच्या तळाशी सरकवतो. आता डोकं त्याच्या ताब्यात आहे, हे तोंडाने सांगायचं. पहिला हेल्मेटच्या कडा बाहेर ताणतो, नाक सुटेपर्यंत थोडं मागे कलवतो, मग मागची बाजू सुटावी म्हणून थोडं पुढे कलवत ओढून काढतो. हेल्मेट निघताच डोकं धप्पकन खाली येतं. म्हणून मागचा हात ढिला सोडायचा नाही. त्यानंतर पहिला डोकं पुन्हा हातात घेतो, गरज पडली तर खाली घडी केलेला टॉवेल.

उसळून येणारं रक्त याआधी थांबवलेलं असलं पाहिजे. आधी थेट दाब, दोन्ही तळव्यांनी, सरळ हातांनी. दर मिनिटाला गॉज उचलून "थांबलं का" बघायचं नाही, धरलेली गुठळी निघते. खोल जखम असेल, जांघेत किंवा काखेत, तर गॉज जखमेच्या तळापर्यंत ठासून भरायचा आणि वरून दाबायचं. हातापायाचं रक्त दाबाने थांबत नसेल तर टूर्निकेट (आवळायचा पट्टा): जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांध्यावर कधी नाही. रक्त थांबेपर्यंत आवळा. अर्धवट आवळलेला पट्टा सगळ्यांत वाईट, कारण तो शिरा बंद करतो आणि धमनी चालू ठेवतो, रक्तस्राव वाढतो. आवळल्यावर फार दुखतं, ते रुग्णाला आधी सांगा. वेळ पट्ट्यावरच लिहा आणि वाटेत ढिला करू नका.

तरुण माणसाचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो. ११० बघून निश्चिंत होऊ नका. नाडी १०० च्या वर, घामट थंड कातडी, नखावर दाबून सोडल्यावर रंग यायला दोन सेकंदांहून जास्त, अस्वस्थपणा: एवढं दिसलं की रक्त कुठेतरी जातंय असं धरा. कुठे? रस्त्यावर, छातीत, पोटात, कटिरात (ओटीपोटाभोवतीच्या हाडांत), मांड्यांत. कटिराची शंका असेल तर पट्टा कमरेला नाही, मांडीच्या वरच्या उंचवट्यांवर बांधायचा. कटीर हलवून तपासायचं नाही. पावसात भिजलेले कपडे कापून काढा, ब्लँकेट घाला, गाडीतला एसी बंद करा. गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. एसी बंद करायचं हटकून विसरलं जातं.

समुद्र, नदी, खाण

किनाऱ्यांवर दृष्टी कंपनीचे जीवरक्षक असतात, बहुधा तुम्ही पोहोचायच्या आत त्यांनी सुरुवात केलेली असते. किती वेळ पाण्याखाली होता आणि सीपीआर (छातीदाब आणि श्वास) कधी सुरू झाला, हे दोन प्रश्न त्यांना आधी विचारा.

बुडालेल्याचं हृदय ऑक्सिजन संपल्याने थांबतं. म्हणून इथे श्वासाने सुरुवात होते. नुसत्या छातीदाबाने भागत नाही. आधी श्वास द्या, मग ३० दाब, २ श्वास. पोट दाबून, उलटं टांगून, खांद्यावर घालून पाणी काढायची जुनी रीत अजून दिसते. फुप्फुसातलं पाणी तसं निघत नाही, निघते ती पोटातली उलटी, आणि ती फुप्फुसात जाते. तोंडाला फेस येतच राहील. तो पुसत, ओढत बसू नका, त्याच्यातूनच हवा द्या. उलटी आली तर मात्र कुशीवर वळवून साफ करा. उताराच्या वाळूवर रुग्णाला पाण्याच्या रेषेला समांतर झोपवा, म्हणजे डोकं आणि धड एका पातळीत राहतात. पॅड लावण्याआधी छाती खसखसून पुसा. ओल्या, वाळू लागलेल्या छातीवर पॅड चिकटतच नाही.

छातीदाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. दमलेल्याला आपण उथळ दाबतोय हे कळत नाही. धावत्या गाडीत दाब धड होत नाहीत आणि तुम्हीही आपटता, तेव्हा चांगला सीपीआर जागेवरच होतो. शुद्धीवर आलेला, "बरा आहे, घरी जातो" म्हणणारासुद्धा रुग्णालयात गेला पाहिजे. फुप्फुसं काही तासांनी बिघडू शकतात.

साप

कापणं, चोखणं, घट्ट बांधणं, बर्फ लावणं यांतलं काहीच नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, सूज चढते. अवयव खपच्यांनी स्थिर करा, रुग्णाला चालू देऊ नका. चाव्याची वेळ लिहा. नातेवाइकांनी आवळलेली दोरी असेल तर ती झटकन सोडू नका, सूज असेल तर साठलेलं विष एकदम पसरू शकतं. रुग्णालयात डॉक्टरांसमोर सुटू दे. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते. साप मारून आणायची गरज नाही, लक्षणांवरून उपचार होतात. लांबून काढलेला फोटो असेल तर ठीक.

मण्यार फसवते. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी सांगतो, चाव्याची खूण जवळपास दिसत नाही. पापण्या जड झाल्या, बोलणं बोबडं झालं, की अँबू बॅग हाताशी घ्या. श्वासाचे स्नायू त्याच वाटेवर आहेत. "वर बघा, पापणी उचला" हे दर दहा मिनिटांनी करून घ्या. बॅग वेळेत सुरू झाली तर असा रुग्ण वाचतो.

छातीत दुखणं, लकवा, बेशुद्धी

छातीत दुखत असेल तर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर कॉल सेंटरवरच्या डॉक्टरांना विचारून ३०० ते ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला. जिभेखालची गोळी देण्याआधी रक्तदाब बघा (वरचा ९० च्या खाली असेल तर नाही) आणि लैंगिक ताकदीची गोळी घेतली का ते विचारा. बायको समोर असताना खरं उत्तर येत नाही, तिला कागदपत्रं आणायला पाठवा. कॅथलॅब, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडायची सोय, बांबोळीला गोमेकॉत आहे. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यासाठीच्या स्टेमी गोवा प्रकल्पात बाहेरची रुग्णालयं ईसीजी तिथे पाठवतात, म्हणून जवळचं रुग्णालय गाठावं की थेट बांबोळी, हे फोनवर ठरवा, स्वतःच्या मनाने नाही.

लकव्यात तोंड वाकडं, हात खाली जाणं, बोलणं अडखळणं बघा. सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न "कधी सुरू झालं" हा नाही. "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं" हा आहे. गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि लकवा असो वा बेशुद्धी, साखर तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. ७० च्या खाली असेल आणि रुग्ण गिळू शकत असेल तर ग्लुकोज तोंडाने. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही नाही, साखरेचं पाणीसुद्धा नाही.

बोलणं आणि सोपवणं

घाबरलेली म्हातारी मराठी समजते, पण दुखणं कोकणीतच सांगते. "कितें जालें?", "खंय दुखता?" एवढं विचारता आलं पाहिजे. मामा, मावशी, बाय म्हणून हाक मारली की हात सैल पडतो आणि रक्तदाबही नीट मिळतो.

कॅज्युअल्टीत सोपवताना अर्ध्या मिनिटात, न थांबता: वय, वेळ, काय झालं, काय सापडलं, नोंदी, काय केलं. उदाहरणार्थ: "पुरुष, अंदाजे तीस. संध्याकाळी ६:४० ला स्कूटर घसरली, हेल्मेट नव्हतं. डाव्या मांडीचं हाड मोडलंय, डोक्याला जखम. नाडी १२४, रक्तदाब १००, जीसीएस १४, साखर ११०. ६:५८ ला मांडीला टूर्निकेट, ऑक्सिजन १५ लिटर." एवढं बोलून झाल्यावर बाकीचं लिहून द्या. जीसीएस म्हणजे शुद्धीचे गुण. त्यांची नुसती बेरीज न लिहिता डोळे, बोलणं, हालचाल असे तीन आकडे लिहा. वाटेत ते बदलले असतील तर आधीचेही लिहा. ८ किंवा त्याखाली आलं तर श्वासमार्ग स्वतः सांभाळण्याची त्याची ताकद गेली असं धरा.

परत निघण्याआधी

सांडलेल्या रक्तावर आधी कागद किंवा कापड, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट, दहा मिनिटं थांबून मग पुसायचं. लगेच पुसलं तर नुसता डाग जातो. सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात. रक्ताळलेला गॉज पिवळ्या पिशवीत. नळ्या लाल पिशवीत. सुईला टोपण परत लावायचं नाही. टोचलीच तर पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि त्याच कॅज्युअल्टीत त्याच वेळी नोंद करा. एचआयव्हीपासून बचावाचं औषध दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. "ड्यूटी संपल्यावर बघू" म्हणत लोक हाच वेळ घालवतात.